एका कुकरचं जेवण

स्वयंपाक येत नाही म्हणून हॉस्टेलवर कोणी उपाशी झोपलेलं मी पाहिलेलं नाही. पण भांडी कोण घासणार या प्रश्नावर चांगल्या चांगल्या रूम पार्टनर्सची बोलाचाली बंद झालेली पाहिली आहे. रविवारी रात्री मेस बंद. कांदा चिरायला चौघं तयार, फोडणी द्यायला तर भांडणं! जेवण झालं, सिंकमध्ये कढई, पातेलं, परात, तवा, पोळपाट असा ढीग दिसला, की सगळ्यांना एकदम सबमिशन आठवतं. पुढच्या रविवारी मग वडापाव, त्याच्या पुढच्या रविवारी मॅगी, आणि महिन्याच्या शेवटी पाकीट रिकामं.

म्हणून मी स्वयंपाकाचा विचार उलट्या टोकापासून करतो. आधी घासायची भांडी मोजायची, मग पदार्थ ठरवायचा. एक कुकर आणि माणशी एक खोलगट थाळी, यात बसेल तेवढंच करायचं. मी मेकॅनिकलचा, त्यामुळे या लेखात थोडं थर्मोडायनॅमिक्स येणारच. बाकीच्या ब्रँचच्या मित्रांनी (आणि मेसचं खाऊन कंटाळलेल्या, कुटुंब गावी असलेल्या सरांनीही) सांभाळून घ्यावं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हा सगळा कार्यक्रम मजल्यावरच्या पँट्रीत किंवा बाहेरच्या भाड्याच्या खोलीत, गॅसवर करायचा. हॉस्टेलच्या रूममध्ये नाही. रेक्टर ओरडतात म्हणून म्हणत नाही, हिशेब करून बघा. २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपियर घेते. टेबल लॅम्पच्या बाजूचं सॉकेट ६ अँपियरचं. त्यात ॲडॉप्टर लावून शेगडी चालवली तर ती चालते, आणि हाच धोका आहे. प्लगच्या पिना, सैल झालेला स्क्रू, भिंतीतली वायर, सगळं हळूहळू तापत राहतं आणि वास येईपर्यंत कळत नाही. इलेक्ट्रिकलच्या मुलांनी तरी हे करू नये!

आता कुकर. त्याचं तत्त्व सगळ्यांना पाठ असतं : दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये असं भांडं बनवलं आणि त्याला सेफ्टी व्हॉल्व्हही बसवला. १६८२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या मंडळींना त्याने त्यात शिजवलेलं जेवण वाढलं होतं. आपल्याकडे १९१० मध्ये इंदुमाधव मल्लिक या बंगाली डॉक्टरांनी ‘इकमिक कुकर’ काढला. त्यात दाब नव्हता, नुसती वाफ होती, पण एकाच आचेवर डब्यांच्या चळतीत भात, डाळ, भाजी एकदम. म्हणजे आपला प्रश्न बराच जुना आहे.

घरगुती कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका जादा दाब असतो. तो कोण ठरवतं? शिट्टीचं वजन. उदाहरणादाखल, वाफ बाहेर येण्याचं भोक ३ मिलीमीटर व्यासाचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ०.०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ७० ग्रॅमचं वजन त्या दाबाला उचललं जाईल. झालं, एवढंच मशीन! या दाबाला पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं. केमिस्ट्रीतला ढोबळ नियम असा की दर १० अंशांना क्रियेचा वेग दुप्पट होतो, म्हणजे वीस अंशांना चौपट. पातेल्यात पाऊण तास रटरटणारी तूरडाळ कुकरमध्ये दहा-बारा मिनिटांत का शिजते ते यातून कळतं.

आणि यातूनच हेही कळतं की शिट्ट्या मोजणं हे घड्याळ नव्हे. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक आचेवर त्याच तीन शिट्ट्यांना पंधरा मिनिटं लागतील. डाळीला शिट्टी ऐकू येत नाही, तिला तापमान आणि वेळ कळतो. पहिली शिट्टी झाली म्हणजे दाब पूर्ण भरला. तिथून आच एकदम बारीक करायची आणि घड्याळ लावायचं. नंतरची प्रत्येक शिट्टी म्हणजे वाफ आणि गॅस बाहेर फुकट. ‘मुगाला तीन, तुरीला पाच’ हे आईचं गणित तिच्या शेगडीवर, तिच्या कुकरला बरोबर असतं. तुमच्या पँट्रीतल्या बर्नरला ते लागू होईलच असं नाही.

मुख्य पदार्थ खिचडी. दोघांसाठी १ वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ. दोन्ही ज्या थाळीत जेवायचं त्याच खोलगट थाळीत दोन-तीन पाण्यांनी धुऊन निथळत ठेवा. कांदा, बटाटा चिरायला दुसरी थाळी पालथी घाला. कुकरमध्येच दोन चमचे तेल तापवा, मोहरी पूर्ण तडतडू द्या (अर्धवट तडतडलेली मोहरी कडू लागते), मग जिरं, हिंग, कढीपत्ता, कांदा. कांदा मऊ झाला की हळद, तिखट, असेल तर चमचाभर गोडा मसाला. बटाट्याच्या फोडी अक्रोडाएवढ्या मोठ्या ठेवा, बारीक फोडी विरघळून जातात. मूठभर शेंगदाणे जरूर घाला. तांदूळ-डाळ टाकून दोन मिनिटं परता, मीठ घाला, पाणी घाला. ताटात पसरणारी मऊ खिचडी हवी तर साडेचार वाट्या, मोकळी हवी तर साडेतीन. झाकण, पहिली शिट्टी, बारीक आचेवर सहा मिनिटं, गॅस बंद, दहा मिनिटं हात लावायचा नाही. कांदा चिरण्यापासून ताटात पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास, आणि त्यातली शेवटची पंधरा मिनिटं तुम्ही जर्नल लिहीत असता.

पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. चौघं असताना आपण सगळंच दुप्पट करतो, पाणीही. आणि मग खिचडीची पेज होते. तांदूळ शिजताना साधारण आपल्या आकारमानाइतकं पाणी पितो. त्यावरचं पाणी दोन कामांना जातं : थोडं मऊपणासाठी आणि थोडं वाफ होऊन उडून. ही वाफ किती होणार ते आच, वेळ आणि शिट्ट्या ठरवतात, तांदूळ किती आहे यावर ती फारशी अवलंबून नसते. म्हणजे समीकरणात एक पद तांदळाबरोबर वाढतं, दुसरं जवळजवळ स्थिर राहतं. मसालेभाताला १ वाटी तांदळाला २ वाट्या पाणी ठीक, पण ४ वाट्यांना ८ नको, ६ ते साडेसहा पुष्कळ झालं. तांदूळ नवा असेल तर त्याहूनही थोडं कमी.

खिचडीचा कंटाळा आला की चकोल्या. सोलापूर-कोल्हापूरकडे चकोल्या म्हणतात, विदर्भात वरणफळं. गुजराती मित्र याला दाल ढोकळी म्हणून आपलं सांगतील, सांगू द्यावं. तुरीच्या डाळीची फोडणी कुकरमध्येच करून, डाळ आणि पाणी घालून बारीक आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवायची. दाब उतरेपर्यंत थाळीत कणीक, मीठ, हळद, ओवा, थोडं तेल घालून घट्ट मळायची. पोळपाट-लाटणं आणलंत तर या लेखाचा उद्देशच गेला! कणकेचे बोराएवढे गोळे तोडून अंगठ्याने तळहातावर चपटे दाबायचे. झाकण उघडून डाळ घोटायची, पाणी वाढवून खळखळून उकळी आणायची आणि चपटे तुकडे एकेक करून सोडायचे. एकदम टाकले तर एकमेकांना चिकटून लगदा होतो. आता झाकण लावायचं नाही, मधूनमधून हलवत दहा मिनिटं उकळायचं. मग चिंच, गूळ, कोथिंबीर.

चिंच शेवटीच का? आंबटपणात डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, डाळ कडक राहते. टोमॅटोचंही तेच. आणि बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियमही पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं. ‘आमच्याकडे डाळच खराब मिळते’ असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी एकदा पिण्याच्या फिल्टरच्या पाण्यात डाळ शिजवून बघावी. तूरडाळ अर्धा तास भिजत टाकली तरीही बराच फरक पडतो.

आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो भाग. भूक लागलेली असते, दहा मिनिटं थांबवत नाही, म्हणून कोणीतरी चमच्याने शिट्टी उचलतो. काय होतं ते आकड्यांत बघू. आत १ लिटर पाणी १२० अंशांना आहे. दाब एकदम काढला की त्याला १०० अंशांवर यावंच लागतं. वीस अंशांची उष्णता म्हणजे सुमारे ८४ किलोज्यूल. ती जाणार कुठे? पाण्याची वाफ करण्यात. एक किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम पाण्याची वाफ होणार. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १०० अंशांच्या वाफेचं आकारमान ग्रॅमला सुमारे १.७ लिटर, म्हणजे पाच लिटरच्या कुकरमधून साठ लिटरहून जास्त वाफ, आणि ती सगळ्या डाळीच्या आतून, तळापासून उसळत येते. पातळ वरण असेल तर ते वाफेबरोबर भोकातून छतापर्यंत उडतं. आणि झाकणच जबरदस्तीने उघडलं तर समोर तोंड कोणाचं असतं ते सांगायला नको.

दाब उतरला की शिट्टी उचलल्यावर फुस्स आवाज येत नाही, झाकण आपणहून सैल होतं. त्याआधी त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही. कुकर डाळ-तांदळाला निम्म्याहून जास्त भरायचा नाही, कारण डाळ फेसाळते आणि फेस भोकात जाऊन बसतो. डाळीत चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो. झाकण लावण्याआधी ते उजेडाकडे धरून भोकातून पलीकडचं दिसतंय का ते बघायचं. दोन सेकंदांचं काम आहे. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की त्याच कंपनीचा नवीन आणायचा, किंमत एका वडापावच्या आसपास. तिथे वर्कशॉपमधून आणलेला नट-बोल्ट आवळून बसवणारे बहाद्दर आपल्याच ब्रँचमध्ये सापडतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. आत पाणी संपलं किंवा भोक तुंबलं, तर तो व्हॉल्व्ह वितळून वाफेला वाट देतो. बोल्ट वितळत नाही. तो घट्ट बसला, तर उडायला कुकर उरतो.

घासण्याचं म्हणाल तर शेवटचं वाढून झालं की लगेच कुकरमध्ये दोन तांबे पाणी ओतून ठेवायचं. स्टार्च ओला असेपर्यंत हाताने निघतो, वाळला की काथ्याला घाम फोडतो. तळाला करपलं तर त्यातच पाणी उकळून लाकडी चमच्याने खरवडा. ॲल्युमिनियमच्या कुकरला सोडा लावू नका, काळा पडतो. चिंचेचा कोळ किंवा पिळलेल्या लिंबाची साल घालून पाणी उकळलं की उजळतो. रिंग काढून वेगळी धुवायची, नाहीतर तिच्याखाली परवाची डाळ सापडते.

उरलेल्याचं काय? पँट्रीत फ्रिज असेल तर दोन तासांच्या आत त्यात. फ्रिज नसेल तर उरेल इतकं करायचंच नाही. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवण्यातूनही वाचतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात रात्रभर राहिलेल्या भातात ते वाढून विष तयार करतात, आणि त्यातलं उलट्या करवणारं विष सकाळी फोडणी देऊन काय, परत कुकरला लावूनही जात नाही. पेपरच्या आदल्या रात्री हे नक्कीच नको.

तोंडी लावायला कच्चा कांदा, ताक. पापड चिमट्यात धरून सरळ बर्नरवर भाजायचा, त्याला भांडंच लागत नाही.