बोल्ट गेला, पण बसला का?

गेल्या सुट्टीत घरच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग मी स्वतः खोललं. कॉलममधला वरचा बुश झिजला होता, त्यामुळे व्हील हातात डगडगायचं. नवीन बुश लगेच बसला. खरी परीक्षा पुढे होती, परत जोडण्याची. (गाडीला एअरबॅग नव्हती. एअरबॅग असेल तर हे काम घरी करूच नका.)

पहिली गोष्ट, खुणा. खोलण्याआधी चाकं सरळ करून जॉइंट आणि शाफ्ट दोन्हींवरून जाणारी पेंटची एक सलग रेघ मारायची. शाफ्टवर स्प्लाइन, म्हणजे बारीक दाते असतात. समजा ३६ दाते आहेत, तर एक दाता चुकला की व्हील १० अंश तिरकं!

दुसरी, युनिव्हर्सल जॉइंट. टी.ओ.एम. मध्ये आपण रट्टा मारतो तो हूक्स जॉइंट हाच. एकच जॉइंट ३० अंशांच्या कोनात फिरला तर आउटपुटचा वेग इनपुटच्या ०.८७ ते १.१५ पट असा खाली-वर होतो. म्हणून दोन जॉइंट लावतात. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क एका पातळीत आणि दोन्ही कोन सारखे असले, की हा फरक जिरतो. फोर्क चुकले तर स्टिअरिंग एका जागी जड, एका जागी हलकं लागतं.

तिसरी, खालचा क्लॅम्प. इथेच मी चुकलो. पिनियनच्या शाफ्टवर एक खाच असते आणि क्लॅम्पचा बोल्ट त्या खाचेतून जातो. त्यामुळे बोल्ट थोडा ढिला झाला तरी जॉइंट वर सरकू शकत नाही. माझा जॉइंट पूर्ण खाली गेलाच नव्हता. बोल्ट शाफ्टच्या टोकावरून आरपार गेला आणि मस्त घट्टही झाला. व्हील फिरवलं, चाकं वळली. मी खूश!

आईला स्टेशनवर सोडायचं होतं, बाबा किल्ली घेऊन निघाले. हत्यारं आवरताना सहज टॉर्च मारला तर पेंटची रेघ तुटलेली! मध्ये अर्धा सेंटिमीटर कोरा शाफ्ट दिसत होता. "बाबा, थांबा!" मी ओरडलोच. तो जॉइंट रस्त्यात निसटला असता तर व्हील हातात राहिलं असतं आणि चाकं मोकळी. आईबाबा रिक्षाने गेले.

मग पुन्हा क्रमाने केलं. कॉलमचे बोल्ट आधी फक्त हाताने लावले. जॉइंट रेघ जुळेपर्यंत खाली दाबला, बोल्ट खाचेतून घातला आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळला. त्यानंतर कॉलम घट्ट केला, शेवटी व्हील, नवीन लॉकनटसकट. पुढची चाकं स्टँडवर उचलून दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं. फेरे सारखे भरले, वायर कुठे अडकली नाही. जॉइंट हाताने ओढला, हलला नाही.

संध्याकाळी बाबा काही बोलले नाहीत. टॉर्च घेऊन खाली वाकले, रेघ पाहिली आणि मग गाडी काढली.

पार्किंगमध्ये कुणाचं असं काम निघालं तर जरूर सांगा. टॉर्च आणि पेंटची डबी माझ्या रूमवर आहे.