लोखंडाच्या भट्टीत लोणारी कोळसा

लोहखनिजात लोखंड ऑक्सिजनशी जखडलेले असते. हा ऑक्सिजन काढून घेणाऱ्या द्रव्यास क्षपणक म्हणतात. आजच्या झोतभट्टीत हे कार्य प्रामुख्याने दगडी कोळशापासून बनविलेला कोक करतो. त्यातील कार्बन अखेर कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत मिसळतो. या मार्गाने एक टन पोलाद तयार होताना हा वायू सुमारे दोन टन बाहेर पडतो. लोणारी कोळशातही कार्बनच असतो. मात्र तो झाडाने काही वर्षांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. तोडलेल्या झाडाच्या जागी तितकेच झाड वाढले, तर ते देणे बरेचसे फिटते.

ही कल्पना नवी नव्हे. अब्राहम डार्बी याने १७०९ मध्ये इंग्लंडात कोकवर भट्टी चालविली. त्यापूर्वी युरोपातील भट्ट्या लाकडाच्या कोळशावरच चालत. मध्य भारतातील अगरिया लोक सालवृक्षाच्या कोळशावर लोखंड गाळीत. म्हैसूर संस्थानात भद्रावती येथे १९२३ मध्ये सुरू झालेला कारखानाही अशाच कोळशावर उभा राहिला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. तेथे लाकूड बंदिस्त पात्रात तापवीत, त्यामुळे कोळशाबरोबर काष्ठ-अल्कोहोल आणि डांबरही हाती येई. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात निलगिरीची लागवड करून हा उद्योग आजही चालतो.

लोणारी कोळशात गंधक व राख कमी असते, हा त्याचा मोठा गुण. परंतु तो ठिसूळ आहे. उंच भट्टीत वरच्या खनिजाच्या भाराखाली त्याचा चुरा होतो आणि झोताची वाट बुजते. म्हणून अशा भट्ट्या लहान असतात. मोठ्या भट्टीत कोक ठेवून, कोळशाची भुकटी झोताबरोबर आत सोडणे आणि तेवढा दगडी कोळसा वाचविणे एवढेच शक्य होते.

खरा प्रश्न जमिनीचा आहे. एक टन लोखंडास सुमारे ७०० किलो कोळसा लागतो असे धरले आणि चार टन सुक्या लाकडापासून एक टन कोळसा मिळतो असे मानले, तर रोज १०० टन लोखंड काढणाऱ्या लहानशा कारखान्यालाही वर्षास एक लाख टन लाकूड हवे. हेक्टरी दहा टन वार्षिक वाढ धरली तरी दहा हजार हेक्टर लागवड झाली! इतके क्षेत्र गायरानातून काढावयाचे म्हटल्यास गुरे कोठे चरणार, याचे उत्तर ग्रामपंचायतीलाच द्यावे लागेल.

विदर्भातील कपाशीच्या पऱ्हाटीचा विचार यासाठीच करण्यासारखा आहे. तिला वेगळी जमीन लागत नाही. तिची भुकटी भट्टीत सोडता येईल. तथापि पिकांच्या अवशेषांत पोटॅशचे प्रमाण लाकडापेक्षा अधिक असते. ते भट्टीच्या अस्तरास बाधते, तर फॉस्फरस जवळजवळ सर्व लोखंडातच उतरतो. शिवाय मोकळी पऱ्हाटी गाडीत वजनाने थोडी आणि आकाराने फार भरते. त्यामुळे तिचा कोळसा शिवाराजवळच करावा लागेल, आणि तो धूर कोंडणाऱ्या बंदिस्त भट्टीत केला नाही तर गावाच्या वाट्याला केवळ धूरच येईल.