पडीक भूखंडातून पक्षी-फुलपाखरांची बाग

बेळगाव शहराच्या टिळकवाडी भागात व्हॅक्सीन डेपोचा विस्तीर्ण, वृक्षाच्छादित परिसर आहे. एके काळी येथे देवी रोगावरील लस तयार होत असे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तथापि या आवारातील जुने वृक्ष आजही पक्ष्यांना आश्रय देत आहेत. अशा परिसराभोवतालची परसे, शाळांची आवारे व मोकळे भूखंड नीट राखल्यास पक्ष्यांना व कीटकांना वावरण्यास अधिक क्षेत्र लाभते. उलट, दोन-तीन पावसाळे दुर्लक्ष झाल्यास तेथे गाजर गवत व घाणेरी माजते.

गाजर गवताच्या स्पर्शाने व परागकणांनी त्वचारोग आणि दमा बळावतो. एकेक झाड हजारो बिया देते. म्हणून पावसाने जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. बी धरलेली झाडे खतासाठी वापरू नयेत. पावसाळ्यापूर्वी टाकळ्याचे बी फोकल्यास गाजर गवताला आळा बसतो. टाकळ्याची कोवळी पाने भाजीस उपयोगी पडतात व फुलपाखरांच्या अळ्यांचेही पोषण होते. १९८४ साली बंगळूर परिसरात प्रथम सोडण्यात आलेले मेक्सिकन भुंगेरे हे गवत खातात. ते आढळल्यास मारू नयेत.

घाणेरी वरवर तोडल्यास पुन्हा फुटते. तिचे मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटे ठेवावे. तिची फळे बुलबुल खातात व बिया दूरवर टाकतात. त्यामुळे झाडांखाली व कुंपणालगत उगवणारी रोपे पुढील दोन-तीन वर्षे वेचावी लागतात. मात्र संपूर्ण जागा एकाच वेळी साफ करू नये. झुडपांत घरटी असल्यास पिले उडून जाईपर्यंत तेवढा भाग राखावा. दाट गवतात साप असण्याचा संभव असल्याने काठीने आवाज करीत, पायांत बूट घालून काम करावे. झाडोरा पेटवून देणे सर्वथा टाळावे.

रिकाम्या झालेल्या भागात लगेच स्थानिक झाडे लावावीत. कुंपणास करवंद व निर्गुडी, मोठ्या जागेत उंबर, पांगारा व बहावा योग्य ठरतात. कढीपत्ता व लिंबू यांवर काही फुलपाखरे अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या ‘ब्लू मॉर्मन’च्या अळ्याही लिंबूवर्गीय झाडांची पाने खातात. अळ्यांनी थोडी पाने खाल्ली म्हणून कीटकनाशक फवारल्यास बागेचा हेतूच नष्ट होतो.

एका कोपऱ्यात उथळ पात्रात पाणी ठेवावे. डासांची पैदास टाळण्यासाठी ते दर दोन दिवसांनी बदलावे. पालापाचोळा झाडांच्या आळ्यांत पसरल्यास ओल टिकते व पक्ष्यांना किडे मिळतात.

शाळांनी हे काम हाती घेतल्यास विद्यार्थ्यांकडून दरमहा आढळलेल्या पक्षी-फुलपाखरांची नोंदवही ठेवून घ्यावी. तण काढणे मोठ्यांनी करावे. लागवड, पाणी व निरीक्षण मुलांकडे सोपवावे. वर्षाअखेरीस ही नोंदवहीच कामाच्या यशाची खरी साक्ष देईल.