शिजलेल्या अन्नाची मुभा

गरिबांसाठी मदतीची योजना आखताना प्रत्येक गरिबाच्या घरी चूल असणारच, असे धरून चालण्याची सवय जगभरच्या राज्यकर्त्यांना आहे; आणि अमेरिकेतील ज्या अन्नसाहाय्याच्या कायद्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 1964 साली सही केली व जी योजना आज ‘स्नॅप’ या नावाने ओळखली जाते, तीही या सवयीला अपवाद नव्हे. या योजनेच्या कार्डावर धान्य, दूध, भाजीपाला, मांस, इतकेच काय पण भाजून थंड केलेली कोंबडीही घेता येते; परंतु त्याच दुकानात, दोन पावलांवर, दिव्याच्या उबेत ठेवलेली तशीच कोंबडी घ्यायची म्हटली की तिचे पैसे रोख मोजावे लागतात, कारण विक्रीच्या वेळी गरम असलेला जिन्नस मूळ नियमाने वर्ज्य ठरवला आहे. ज्याला छप्पर नाही, किंवा ज्याचे हात शेगडी पेटवताना थरथरतात, त्याने त्या कार्डावर तांदूळ घेऊन करावे तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून कायद्यातच एक मुभा ठेवलेली आहे. वयाची 60 वर्षे पूर्ण केलेले, अपंग आणि बेघर लोक, तसेच त्यांचे पती वा पत्नी, यांना मान्यताप्राप्त रेस्टॉरंटांत याच कार्डावर तयार जेवण घेता येते. ही तरतूद अमलात आणावी की नाही, हे मात्र ज्या त्या राज्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. कॅलिफोर्नियात, जेथे स्नॅपला ‘कॅलफ्रेश’ म्हणतात, ती आरंभी काही काउंट्यांपुरतीच होती. 1 सप्टेंबर 2021 पासून ती राज्यभर लागू झाली. मुलीच्या संसारानिमित्त माझा उतारवयातील मुक्काम याच राज्यात पडला, आणि वृद्धांच्या एका केंद्रात सरकारी कागद वाचून दाखवण्याचे काम अंगावर घेतल्यामुळे, ही मुभा कागदावर जितकी सुलभ दिसते तितकी ती गल्ल्यापाशी नसते, हे मला जवळून पाहावे लागले.

तेथे येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांबरोबर मी एकदा अशा एका रेस्टॉरंटात गेलो होतो. ट्रेवर सूप, पाव आणि कॉफी मांडली गेली. त्यांनी कार्ड सरकवले, एकेक आकडा पुटपुटत गुप्त क्रमांक दाबला, आणि यंत्राने व्यवहार नामंजूर केला. कार्डात शिल्लक पुरेशी होती; पण गल्ल्यावरच्या मुलीला कारण ठाऊक नव्हते आणि मागे रांग खोळंबली होती. तिने ट्रे हळूच आपल्याकडे ओढला. मी खिशात हात घालतो आहे असे पाहून ते गृहस्थ म्हणाले, “राहू द्या, मला तशी भूक नव्हतीच.” पुढे दप्तरात चौकशी केली तेव्हा उलगडा झाला, की त्यांचा कमावत्या वयाचा नातू त्यांच्याच शिधाप्रकरणात नोंदलेला होता, आणि कुटुंबातील एकूणएक सदस्य या सवलतीस पात्र असल्याखेरीज ते कार्ड रेस्टॉरंटात चालत नाही. नियम स्पष्ट होता, परंतु तो त्यांना कोणी सांगितला नव्हता. त्या रेस्टॉरंटचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

दुसरी हकीकत एका वृद्ध बाईंची. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत केव्हातरी रक्कम खात्यात जमा होते, हे ज्यांना गरिबांना लुबाडायचे आहे त्यांनाही पक्के ठाऊक असते. कुठल्याशा दुकानातील यंत्रावर बसवलेल्या बनावट पट्टीने त्यांच्या कार्डाची नक्कल झाली, आणि रक्कम जमा झाली त्याच रात्री ती परस्पर खर्ची पडली. अशी चोरी झालेली रक्कम केंद्राच्या निधीतून भरून देण्याची मुदत 20 डिसेंबर 2024 रोजी संपली होती. बाईंचा तक्रारअर्ज त्यानंतरचा. तो महिना त्यांनी चर्चच्या अन्नछत्रावर काढला.

या अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, रेस्टॉरंटात जाण्यापूर्वी काउंटीच्या दप्तरात फोन करून आपल्या कार्डाला ही मुभा लागू आहे काय, हे विचारून घ्यावे. कॅलिफोर्नियात त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. मुला-नातवंडांची चूल खरोखरच वेगळी असेल तर तसे कळवावे, नसेल तर खोटे लिहून देऊ नये, कारण तशा मिळालेल्या रकमेची वसुली पुढे म्हाताऱ्यावरच येते. दुसरी, एखाद्या साखळीच्या एका शाखेत कार्ड चालले म्हणून दुसऱ्या शाखेत चालेलच असे नाही. सबब पदार्थ मागवण्याआधीच विचारावे. या व्यवहारावर विक्रीकर वा बक्षिशी आकारता येत नाही, हे ध्यानात ठेवून पावती तपासावी आणि तिच्यावरची शिल्लक पाहावी. तिसरी, गुप्त क्रमांक मदतनिसालाही सांगू नये व रक्कम जमा होण्याआधी तो बदलावा. कॅलिफोर्नियाने 2025 मध्ये चिपची कार्डे देण्यास प्रारंभ केला आहे, तेव्हा ज्यांच्याकडे अद्याप नुसत्या चुंबकी पट्टीचे कार्ड असेल त्यांनी नवे मागून घ्यावे. चौथी, हिशेब. ऑक्टोबर 2025 पासूनच्या वर्षात एकट्या व्यक्तीस मिळणारी कमाल रक्कम, अलास्का-हवाईसारखे प्रांत वगळता, महिना 298 डॉलर आहे. एका जेवणाचे दहा डॉलर धरले तरी रोज एक जेवणही पुरे महिनाभर होत नाही. ज्यांना थोडेफार रांधणे शक्य आहे त्यांनी ही मुभा आजारपणासाठी व थकल्या दिवसांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

आपल्याकडून मुलांकडे आलेल्या आईवडिलांविषयी एक खुलासा येथे अवश्य करावयास हवा. पर्यटक म्हणून आलेल्यांना हे साहाय्य मिळत नाही, आणि ग्रीन कार्डावर आलेल्या प्रौढांनाही केंद्राच्या नियमाने सामान्यतः पाच वर्षे थांबावे लागते. तेव्हा शेजाऱ्याचे कार्ड पाहून घाईघाईने अर्ज करण्याआधी जाणत्याचा सल्ला घ्यावा.

एवढे सांगूनही ही तरतूद मी सदोष मानीत नाही; चूल नसलेल्या माणसालाही गरम जेवणाचा अधिकार आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य करावे ही लहान गोष्ट नव्हे, आणि ज्या राज्यांनी ती अद्याप स्वीकारलेली नाही त्यांनी ती स्वीकारावी, असेच माझे मत आहे. पण ज्याला पोटासाठी सरकारी कार्ड पुढे करावे लागते, त्याला चारचौघांत मिळालेला नकार पुन्हा पाऊल उचलू देत नाही. म्हणून, ज्यांना सरकारी इंग्रजी वाचता येते आणि फोनवर तासभर ताटकळण्याची सवड आहे, त्यांना माझी विनंती आहे, की आपल्या ओळखीच्या एका तरी वृद्धासाठी ही सारी चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवावी.