उदयोन्मुख बाजारांचा निधी : निवड आणि विवेक

विद्यार्थिमित्रहो, आपल्या इंद्रवेल्ली परिसरात बहुतेक शेतकरी कुटुंबांच्या हाती पैसा येतो तो कापूस विकल्यावर. त्यातून बियाण्यांची व खतांची उधारी फिटते आणि वर्षाच्या घरखर्चाची तजवीज होते. त्यानंतर काही शिल्लक उरलीच, तर तिचे काय करावे हा प्रश्न पुढे येतो. पूर्वी या प्रश्नाला सोने, जमीन किंवा टपाल कचेरीतील बचत एवढीच उत्तरे होती. आज हातातील मोबाइलवरून चीन, ब्राझील, तैवान अशा दूरदेशींच्या कंपन्यांतही पैसा गुंतवता येतो. अशा गुंतवणुकीचे एक साधन म्हणजे उदयोन्मुख बाजारांचा म्युच्युअल फंड. त्याचे स्वरूप काय आणि निवड कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. नाव आणि अर्थ

म्युच्युअल फंड म्हणजे अनेकांच्या लहानलहान रकमा एकत्र करून उभारलेला सामाईक निधी. जाणते व्यवस्थापक त्यातून अनेक कंपन्यांचे शेअर घेतात. नफा-तोटा प्रत्येकाच्या वाट्यानुसार विभागला जातो. आपल्या देशात या पद्धतीचा आरंभ १९६३ साली स्थापन झालेल्या युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने केला.

‘उदयोन्मुख बाजार’ हा शब्दप्रयोग १९८१ साली अँटवान व्हान आग्टमाएल या अर्थतज्ज्ञांनी रूढ केला. ते तेव्हा जागतिक बँकेच्या परिवारातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळात काम करीत होते. गरीब देशांच्या शेअरांसाठी त्यांनी योजिलेल्या निधीच्या नावात प्रथम ‘तिसरे जग’ असे शब्द होते. या नावाने कोणी पैसे देणार नाही असा आक्षेप निघाला, म्हणून हे आशादायक नाव पुढे आले. नाव बदलल्याने जोखीम बदलत नाही, हे येथेच ध्यानात ठेवावे.

२. मुंबईचा धडा

शब्द नवा असला, तरी वस्तू जुनी आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील राज्यांची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाडच्या व हिंगणघाटच्या कापसाला पूर्वी कधी नव्हता असा भाव आला, आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशातून नव्या बँका व समुद्र हटविणाऱ्या भराव कंपन्या निघाल्या. बॅकबे भराव कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर जवळजवळ दहापट किमतीला विकला गेला. १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरांचे मनोरे जमीनदोस्त झाले. जुनी बँक ऑफ बॉम्बेही त्या धक्क्यातून सावरली नाही. १८६८ साली ती बंद पडली.

या हकिकतीत कापूस खरा होता, मागणीही खरी होती. खोटी होती ती शेअरांना आलेली किंमत. देशाचा उदय आणि गुंतवणूकदाराचा लाभ या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालत नाहीत.

३. निवडीच्या कसोट्या

बाजार समितीत कापूस आणला की भाव सांगण्याआधी यंत्राने ओलावा मोजतात. भारतीय कापूस निगम ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते आणि १२ टक्क्यांपुढे माल घेत नाही. निधीलाही अशाच कसोट्या लावल्या पाहिजेत.

पहिली कसोटी देशांच्या यादीची. या क्षेत्रात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एमएससीआय निर्देशांकात २४ देश आहेत. पण चीन, तैवान, भारत आणि दक्षिण कोरिया या चौघांचाच वाटा अर्ध्याहून बराच अधिक आहे. शिवाय कोणता देश उदयोन्मुख, याविषयी एकमत नाही. दक्षिण कोरियाला हा निर्देशांक उदयोन्मुख मानतो, तर एफटीएसई ही दुसरी संस्था प्रगत मानते. ग्रीस २००१ साली प्रगत ठरला आणि २०१३ साली पुन्हा उदयोन्मुखांत उतरविला गेला. म्हणून केवळ निधीच्या नावावर विसंबू नये.

दुसरी कसोटी पुनरुक्तीची. आपले घर, शेत आणि उत्पन्न सारे भारतातच आहे. आपल्या निधीतही भारताचा वाटा मोठा असेल, तर आपण एकाच खुंटीवर सगळे ओझे टांगतो. भारतीय फंडांना परदेशी निधीत पैसे घालावयाचे असल्यास त्या परदेशी निधीतील भारतीय रोख्यांचा वाटा २५ टक्क्यांपर्यंत चालेल, अशी मुभा सेबीने २०२४ साली दिली. म्हणून हा वाटा तपासणे अगत्याचे झाले आहे.

तिसरी कसोटी खर्चाची. १०,००० रुपये वीस वर्षे दरसाल १० टक्क्यांनी वाढले, तर सुमारे ६७,००० होतात. ९ टक्क्यांनी वाढले, तर सुमारे ५६,०००. म्हणजे एका टक्क्याचा वार्षिक खर्च मूळ मुद्दलाहून अधिक रक्कम गिळतो. काही भारतीय फंड स्वतः शेअर न घेता परदेशी निधीचे युनिट घेतात. तेथे दोन्हीकडचा खर्च विचारावा. मध्यस्थाशिवाय घेता येणारी ‘डायरेक्ट’ योजना २०१३ पासून उपलब्ध आहे. तिचा खर्च कमी असतो.

चौथी कसोटी चढउताराची. २००८ साली उपरोक्त निर्देशांक डॉलरच्या हिशेबाने निम्म्याहून अधिक घसरला आणि २००९ साली सुमारे ७८ टक्के वाढला. वरवर पाहता तोटा भरून निघाला असे वाटेल. परंतु १०० चे ४७ झाले आणि ४७ चे सुमारे ८३. निम्मे गमावलेल्यास पूर्ववत होण्यासाठी दुप्पट व्हावे लागते.

पाचवी कसोटी बाहेर पडण्याच्या वाटेची. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये रशियन शेअर शून्यवत किमतीने निर्देशांकातून वगळण्यात आले. परदेशी गुंतवणूकदारांना ते विकताच येईनात. त्याच वर्षी आपल्याकडे परदेशी गुंतवणुकीची ठरलेली मर्यादा गाठली गेल्याने अनेक फंडांना नव्या रकमा स्वीकारणे थांबवावे लागले. राजकारण आणि नियम यांचा विचार भावाइतकाच महत्त्वाचा आहे.

४. प्रमाणाचा विचार

कसोट्यांना उतरलेला निधीही किती घ्यावा, हा प्रश्न उरतोच. समजा, एका कुटुंबाची शिल्लक १ लाख रुपये आहे. ती सारी अशा निधीत घातली आणि भाव निम्मा झाला, तर ५०,००० रुपये जातील. मुलीचे कॉलेज किंवा पुढील पेरणी थांबेल. फक्त १०,००० घातले असतील, तर तोटा ५,००० चा. कुटुंब उभे राहील. आपले शेतकरी कापसाच्या ओळींमध्ये तुरीची ओळ पेरतात, ती याच शहाणपणाने. परंतु तुरीची ओळ म्हणजे सारे शेत नव्हे.

म्हणून क्रम असा असावा : प्रथम सावकारी कर्जाची फेड, मग आजारपण व पुढील हंगाम यांसाठी बँकेतील सुरक्षित ठेव, त्यानंतर देशातील विविध कंपन्यांचा साधा निधी, आणि सर्वांत शेवटी, निदान सात-दहा वर्षे लागणार नाही अशा रकमेचा लहानसा भाग उदयोन्मुख बाजारांसाठी. दरमहा ठरावीक हप्ता भरण्याचा सल्ला नोकरदारास सोयीचा आहे. शेतकरी कुटुंबाने प्रत्येक वेचणीच्या विक्रीनंतर थोडी रक्कम घालावी, म्हणजे एकाच भावाला सारी खरेदी होत नाही. खात्रीच्या नफ्याचे वचन देणारा मनुष्य भेटला, तर त्याच्यापासून दूर राहावे. शेअरबाजारात असे वचन खरेपणाने देताच येत नाही.

मित्रहो, कष्टाने मिळविलेला पैसा राखणे हेही कष्टाचेच काम आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी टक्केवारीचे गणित मांडू शकणारे तुम्हीच पहिले असाल. वडिलांनी एखादा कागद पुढे केला, तर सही होण्यापूर्वी त्यातील देश, खर्च, जोखीम आणि पैसे परत मिळण्याची अट ही चार स्थळे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. शाळेत शिकलेल्या गणिताचा याहून मोठा उपयोग क्वचितच असेल.