भित्तिपत्रक अस्सल की पुनर्मुद्रित?

प्रश्न : मोनॅको ग्रां प्रीचे १९३० च्या दशकातील भित्तिपत्रक अस्सल आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर : रोबेर फाल्कुची आणि जिओ हाम यांनी या मोटारशर्यतीसाठी चितारलेली भित्तिपत्रके शिळाछापाने, म्हणजे तेलकट रेषेला शाई धरते व ओल्या भागाला ती लागत नाही या तत्त्वावर छापली जात; त्यामुळे दहापट भिंगाखाली रंग सलग किंवा खडूच्या ओबडधोबड कणांसारखा दिसतो, तर ऑफसेट पुनर्मुद्रणात ठिपक्यांची नियमित जाळी उमटते. जुन्या घडीची खूण हा मोठा दोष नव्हे. छाटलेली कड मात्र गंभीर हानी होय. छापील घडी, जी बोटाला लागत नाही, ती तर पुनर्मुद्रणाची उघड कबुलीच ठरते. विक्रेता भिंग लावू देत नसेल, तर संग्राहकाने खरेदी टाळावी.