चिरंजीवास मामाचे पत्र, नेस्सोच्या उताराविषयी



कोमो सरोवर हे उत्तर इटलीत, आल्प्सच्या पायथ्याशी हिमनद्यांनी कोरून काढलेल्या खोल दरीत साचलेले असून त्याचा आकार उलट्या ‘वाय’ अक्षरासारखा आहे. पूर्वेकडील शाखेच्या टोकाला लेक्को, पश्चिमेकडील शाखेच्या टोकाला कोमो, आणि दोन्ही शाखांच्या मध्ये जो डोंगराळ त्रिकोण उरतो त्याच्या पश्चिम अंगाला, पाण्याच्या काठावर, नेस्सो हे गाव आहे. ताईपर्यंत, म्हणजे चिरंजीवाच्या आईपर्यंत, जी बातमी आली आहे ती या गावाकडे उतरणाऱ्या रस्त्याविषयीची आहे. चिरंजीव रविवारी लेक्कोहून सायकल काढतो, सोर्मानोच्या खिंडीतून नेस्सोकडे ताशी सत्तर किलोमीटरच्या पुढे वेग नेत उतरतो, बोगद्यांत दिवा लावीत नाही, आणि चढावर घाम येतो म्हणून काढलेले हेल्मेट उतारावरही हँडललाच लटकत असते, असे त्या बातमीत आहे. बातमी कोणी आणली याची चौकशी करण्यात अर्थ नाही. ती खोटी असेल तर या पत्राचा पुढचा भाग वाचून बाजूला ठेवावा. खरी असेल तर मात्र तो दोनदा वाचावा.

सोर्मानोचे आकर्षण कोणत्याही सायकलस्वाराला वाटावे असेच आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. १९०५ साली सुरू झालेल्या लोम्बार्दीच्या शर्यतीत विन्चेन्झो तोरियानी या संयोजकाने १९६० साली या डोंगरातील एक अरुंद वाट घातली. तिला ‘मुरो’, म्हणजे भिंत, म्हणतात, कारण सुमारे दोन किलोमीटरच्या त्या वाटेचा सरासरी चढ शेकडा पंधराहून अधिक, म्हणजे शंभर मीटर पुढे सरकताना पंधरा मीटरहून जास्त उंची गाठावी लागेल असा आहे, आणि काही ठिकाणी तो शेकडा पंचवीसलाही पोचतो. त्या काळच्या जड गिअरांवर नामांकित स्वारांनाही उतरून चालावे लागले, प्रेक्षक त्यांना ढकलू लागले, आणि १९६२ नंतर ती वाट शर्यतीतून वगळली गेली. पुढे अर्धशतकाने, २०१२ साली, ती पुन्हा आली. अशा भिंतीवर पाय न टेकता चढण्याची ईर्ष्या तरुण माणसाला होणारच, आणि त्या चढाबद्दल मामाचा एक शब्दही आक्षेपाचा नाही. चढ माणसाला त्याच्या दमाप्रमाणेच वेग देतो. आक्षेप आहे तो खिंडीच्या पलीकडच्या बाजूस.

कोल्मा दि सोर्मानो ही खिंड समुद्रसपाटीपासून ११२४ मीटर उंच असून नेस्सो जवळजवळ पाण्यालगत आहे. म्हणजे अवघ्या काही किलोमीटरांत आठशे मीटरहून अधिक उंची गमवावी लागते. १५ ऑगस्ट २०२० रोजी, महासाथीमुळे शर्यत उन्हाळ्यात घ्यावी लागली त्या वर्षी, बेल्जियमचा रेम्को एवेनेपूल याच उतारावर एका पुलाच्या कठड्याला धडकून खालच्या घळीत कोसळला. त्याचे ओटीपोटाचे हाड मोडले आणि फुप्फुसाला मार बसला. तो विशीत होता, जगातील सर्वांत कुशल स्वारांपैकी एक होता, रस्ता वाहनांसाठी बंद होता, आणि मदतीची गाडी मागेच होती. त्याआधी २०१७ सालीही लॉरेन्स डे प्लुस हा दुसरा बेल्जियन स्वार याच उतारावर कठड्यापलीकडे फेकला गेला होता. चिरंजीवासाठी रविवारी रस्ता बंद ठेवला जात नाही. वळणाच्या पलीकडून गाड्या येतात, आणि मागे कोणीही नसते. एवेनेपूल पुढे बरा झाला, २०२२ साली स्पेनची शर्यत आणि विश्वविजेतेपद आणि २०२४ साली पॅरिसमध्ये दोन सुवर्णपदके त्याने मिळवली, हे उदाहरण चिरंजीव उत्तरादाखल देईल याची मामाला कल्पना आहे. परंतु त्या पुलावरून कोसळताना तो वाचेल हे कोणालाही ठाऊक नव्हते.

यातील यांत्रिक भाग चिरंजीवाला अभियांत्रिकी शिकत असल्यामुळे सांगण्याची गरज नसावी, तरी तो सांगितल्यावाचून राहवत नाही. स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो वजन आठशे मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात जवळपास दोन लिटर थंड पाणी उकळता येईल, आणि त्यातला जो वाटा हवेच्या विरोधात जात नाही तो बहुतेक सगळा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने उतरतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर चौपट होते. ताशी सत्तर किलोमीटरला नुसते दचकून बोटे ब्रेककडे नेण्याच्या एका सेकंदातच एकोणीस मीटर रस्ता मागे पडतो, आणि त्या डोंगरातील बहुतेक वळणांत तेवढा रस्ता समोर दिसतच नाही. म्हणून ब्रेक वळणात न दाबता वळणाआधीच्या सरळ भागात दाबून सोडावा, तो अखंड घासत ठेवू नये, आणि दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. आणखी एक गोष्ट अशी, की कात्रजच्या घाटात डाव्या अंगाने सायकल चालवून शिकलेले शरीर संकटात आपोआप डावीकडे झुकते, आणि इटलीत डावीकडे समोरून येणारी गाडी असते. ही सवय मनाला समजली तरी अंगातून जायला वेळ लागतो; ती गेली आहे असे चिरंजीवाला वाटत असेल तर ते वाटणेच सर्वांत धोक्याचे आहे.

बोगद्यांविषयी तर मतभेदाला जागाच नाही. इटलीच्या वाहतूक कायद्याप्रमाणे सायकलस्वाराने बोगद्यात, आणि वस्तीबाहेर अंधार पडल्यावर, प्रकाश परावर्तित करणारे जाकीट किंवा पट्टे घातले पाहिजेत, दिवा त्याव्यतिरिक्त. आता ऑक्टोबर लागला आहे. लोम्बार्दीच्या शर्यतीला तिकडे गळत्या पानांची शर्यत म्हणतात ती याच दिवसांमुळे, आणि सोर्मानोच्या उतारावर पडलेली ओली पाने पातळ टायरखाली आली की ब्रेक असून नसल्यासारखा होतो. तेव्हा पाने वाळेपर्यंत त्या उताराचा नाद सोडला तर काय बिघडणार आहे?

त्याच डोंगरावर, माग्रेल्यो गावाशी, ७५४ मीटर उंचीवर मादोन्ना देल गिझाल्लो हे छोटे देऊळ आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तेथील मातेला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केले, आणि तेव्हापासून स्वार आपल्या सायकली व जर्सी तेथे अर्पण करतात. कोप्पी आणि बार्ताली या जुन्या नामांकित स्वारांच्या सायकलींनी भिंती भरलेल्या त्या देवळात फाबिओ कासार्तेल्ली याचीही सायकल आहे. तो याच कोमोच्या परिसरातला, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता. १८ जुलै १९९५ रोजी फ्रान्सच्या शर्यतीत पिरेनीज पर्वतातील एका उतारावर तो पडला, त्याचे डोके रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर आपटले, आणि डोक्यावर हेल्मेट नव्हते. तो चोवीस वर्षांचा होता, त्याचे मूल काही महिन्यांचे होते. व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे व्हायला त्यानंतरही, आणखी एका स्वाराच्या मृत्यूनंतर, २००३ साल उजाडावे लागले. बेल्लाजिओहून चढून चिरंजीव त्या देवळापाशी नेहमी थांबतो असे ताई म्हणते. पुढच्या वेळी आत जाऊन ती सायकल नीट पाहावी, आणि हँडलला लटकवलेले हेल्मेट कुठे असायला हवे ते तिथेच ठरवावे.

एवढे कठोर लिहिल्यावर घरातली एक जुनी गोष्टही लिहिली पाहिजे, कारण चिरंजीवाला ती अर्धीच ठाऊक आहे. जिन्याखाली गंजत पडलेली ती काळी सायकल मामाला नोकरी लागल्यामुळे पडून राहिली, असे घरात सांगितले जाते. वस्तुतः मामाला मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरायचे होते, बोरघाटाचा चढ त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षे होता, आणि वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एका वाक्यात नाही म्हटले. मामाने वाद घातला नाही, कारण विचारले नाही, भीती कशाची आहे हे जाणून घेतले नाही. सायकल जिन्याखाली ठेवली आणि तो विषय दोघांनीही अण्णा जाईपर्यंत काढला नाही. अण्णांची भीती खरी होती, आणि मामाची ओढही खरी होती, परंतु दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला ती सांगितली नाही, याची खंत आजही जात नाही. म्हणूनच या पत्रात कोठेही ‘सायकल सोड’ असे लिहिलेले नाही, आणि ताईच्या मनात ते आले तरी मामा तिला ते लिहू देणार नाही.

त्या मुलखात उताराच्या नादी न लागताही आयुष्यभर पुरेल एवढा रस्ता आहे. दिवसाच्या पूर्वार्धात उत्तरेकडून वाहणारा तिवानो आणि दुपारी दक्षिणेकडून उठणारा ब्रेवा हे तेथील दोन ठरलेले वारे. सकाळी दक्षिणेकडे निघून दुपारनंतर उत्तरेकडे परतणाऱ्याला दोन्ही पाठीशी मिळतात. लेक्कोपाशी सरोवरातून बाहेर पडणाऱ्या आद्दा नदीच्या काठाने खाली जाणारी वाट नेमकी या वाऱ्यांसाठीच केल्यासारखी आहे. वारेन्नाहून बेल्लाजिओला जाणाऱ्या बोटीत सायकल चढवता येते, म्हणजे अरुंद काठरस्त्याचा मोठा भाग टळतो. सरोवराच्या उत्तर टोकाला कोलिकोपासून वाल्तेल्लिना खोऱ्यातून बोर्मिओपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचा स्वतंत्र सायकलमार्ग गेला आहे, आणि एखाद्या वसंतात तो चिरंजीवाने करावा, वाटेतली छायाचित्रे पाठवावीत, अशी मामाची फार इच्छा आहे. सोर्मानोही करावा, परंतु वर जाऊन, थांबून, आल्या वाटेने सावकाश.

आणि नेस्सोकडे उतरायचेच असेल, कारण चिरंजीव अण्णांचा नातू आहे आणि हट्ट त्याच्या रक्तात आहे, तर कोरड्या रस्त्यावर, उजेडात, डोक्यावर हेल्मेट बांधून आणि ब्रेक तपासून उतरावे, आणि लेक्कोला खोलीवर पोचल्यावर ताईला फोन करावा. तिकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा होतात. उशीर झाला म्हणून संकोच करू नये. ती जागीच असते, आणि मामाही.